मच्छरदाणीची किंमत
हिवतापाचा डास बहुधा रात्री चावतो, म्हणून कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी हा गरिबाच्या घरातला सर्वांत स्वस्त बचाव. तरीही ती फुकट वाटावी की विकावी, यावर परदेशी मदत देणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षे वाद होता. फुकटच्या वस्तूची कदर राहत नाही, असे विक्रीच्या बाजूचे म्हणणे. जेसिका कोहेन आणि पास्कलिन डुपा या अर्थतज्ज्ञांनी पश्चिम केनियातल्या गरोदर स्त्रियांच्या तपासणी केंद्रांत हे पडताळून पाहिले. निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. काही केंद्रांत मच्छरदाणी मोफत होती, काहींत किंमत अमेरिकी 60 सेंटपर्यंत होती. तेवढ्याने दर 100 स्त्रियांमागे घेणाऱ्या सुमारे 60 जणी कमी झाल्या. आणि पैसे मोजणाऱ्या स्त्रिया ती अधिक वापरतात, असेही आढळले नाही. जिथे रोजच्या मक्याच्या पिठाचीच भ्रांत, तिथल्या आईला बेफिकीर ठरवणे हा उघड अन्याय होता. पुढे मोफत वाटप वाढले. 2000 ते 2015 या काळात आफ्रिकेतील हिवतापाच्या संसर्गाचे प्रमाण निम्म्यावर आले, त्यात सर्वांत मोठा वाटा मच्छरदाण्यांचा. तरीही 2023 मध्ये जगात या रोगाने सुमारे 5,97,000 माणसे दगावली. त्यांतली बहुतेक आफ्रिकेतली, पाच वर्षांखालची मुले. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, जिच्यातून अशा मच्छरदाण्याही घेतल्या जात. मच्छरदाणी मात्र दोन-तीन वर्षांत विरते, आणि ती वेळेवर बदलावीच लागते.