टक्का किती, यापेक्षा कशावर?

बाजार समितीत माल नेणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती विक्रीनंतर पट्टी पडते. वजन, मिळालेला भाव, हमाली, तोलाई या साऱ्यांची नोंद त्या एका कागदावर असते. पट्टी पटली नाही, तर आडत्याशी तेथल्या तेथे वाद घालता येतो. हाच माल जवाहरलाल नेहरू बंदरातून रॉटरडॅमला जातो तेव्हा विक्री हजारो मैलांवर होते, पैसे कित्येक आठवड्यांनी येतात आणि हाती येणारा हिशेब अनेकदा त्या साध्या पट्टीइतकाही बोलका नसतो. निर्यातीसाठी प्रतिनिधी निवडण्याचा विचार येथूनच सुरू व्हावयास हवा.

प्रथमच निर्यातीकडे वळलेला बागायतदार वा लघुउद्योजक पहिला प्रश्न विचारतो तो ‘कमिशन किती टक्के?’ हा. वस्तुतः तो शेवटचा प्रश्न असावा. समोरची व्यक्ती नेमकी कोण, हे आधी ठरले पाहिजे. व्यापारी-निर्यातदार माल स्वतः विकत घेतो; खरेदी-विक्रीतील फरक हे त्याचे उत्पन्न आणि जोखीमही त्याचीच. कमिशन एजंट दुसऱ्याचा माल दुसऱ्याच्या जोखमीवर विकतो. कस्टम्स ब्रोकर सीमाशुल्काचे सोपस्कार पार पाडतो व त्यासाठी २०१८ च्या नियमावलीनुसार त्याच्यापाशी परवाना असावा लागतो. फ्रेट फॉरवर्डर वाहतुकीची व्यवस्था पाहतो. एकाच व्यक्तीने ही सारी कामे अंगावर घेतली, तरी प्रत्येक कामाचा मोबदला स्वतंत्रपणे लिहिलेला असावा. परदेशी खरेदीदाराकडूनही तिला कमिशन मिळते काय, हे विचारण्यात संकोच नसावा. दोन्हीकडून मोबदला घेणारा नेमका कोणाच्या बाजूने भाव ठरवतो, हे जाणून घेण्याचा मालधन्याला अधिकार आहे.

त्यानंतरचा प्रश्न, टक्का कोणत्या रकमेवर? समजा, एका कंटेनरमधील मालाचे जहाजभाडे व विम्यासह मूल्य, म्हणजे सी.आय.एफ. मूल्य, २५ लाख रुपये आहे. त्यातील ५ लाख रुपये भाडे व विम्याचे, म्हणजे एफ.ओ.बी. मूल्य २० लाख. पहिला प्रतिनिधी सी.आय.एफ. मूल्यावर ५ टक्के मागतो. त्याचे कमिशन १ लाख २५ हजार रुपये होते. दुसरा एफ.ओ.बी. मूल्यावर ६ टक्के मागतो. त्याचे होते १ लाख २० हजार. पाच टक्के सहा टक्क्यांहून महाग पडले! शिवाय जहाजभाडे वाढले की पहिल्याचे कमिशन आपोआप वाढते. मालधन्याच्या खर्चावरच दलाली आकारण्याचा हा उफराटा न्याय होय. बिलात ‘इतर खर्च’ असे मोघम सदर असेल, तर हा फरक कोठवर जाईल, हे सांगता येत नाही.

नाशिक-सांगलीच्या द्राक्षांचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. २००६ मध्ये अपेडाने ग्रेपनेट ही व्यवस्था सुरू केली आणि युरोपात पोहोचलेल्या पेटीचा माग बागेच्या प्लॉटपर्यंत लावणे शक्य झाले. पुढे २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अवशेषांवरून भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले. अशा वेळी तोटा कोणी सोसावयाचा? बागायतदाराने, निर्यातदाराने, की परदेशी आयातदाराने? करारात उत्तर नसेल, तर ज्याच्यापाशी कागद नाही त्याच्याच गळ्यात तोटा पडतो, आणि तो बहुधा वर्षभराचे कर्ज डोक्यावर घेतलेला बागायतदार असतो. फळाचा माग लागतो, तसाच पैशाचाही लागला पाहिजे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

कायदाही हेच सांगतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २१३ नुसार मालकाने मागणी करताच योग्य हिशेब देणे हे प्रतिनिधीचे कर्तव्य आहे. कलम २१६ नुसार त्याने मालकाच्या नकळत त्याचा व्यवहार स्वतःसाठी केला, तर त्यातील लाभावर मालकाला हक्क सांगता येतो. म्हणून विक्रीची मूळ बिले, भाड्याच्या पावत्या व रक्कम जमा झाल्याचा दिनांक यांच्या प्रती मागणे हा अविश्वास नसून हक्क आहे. नात्यागोत्यातील माणूस म्हणून लेखी करार टाळणाऱ्यावर ‘विश्वास तर पानिपतावरच गेला’ असे म्हणण्याची पाळी येऊ नये.

तथापि, घासाघीस करून कमिशन अर्ध्यावर आणण्यातही शहाणपण नाही. ज्याला उघड मोबदला परवडत नाही, तो भाड्यात, विनिमय दरात किंवा मालाच्या घटीत आपली भरपाई शोधतो. परदेशी खरेदीदाराने पैसे बुडवल्यास ते भरून देण्याची हमी जो प्रतिनिधी घेतो, त्याला अधिक कमिशन देणे न्याय्यच आहे. अशी हमी नसेल, तर १९५७ पासून कार्यरत असलेल्या ई.सी.जी.सी.चा विमा किती पडतो, हे पाहून दोहोंची तुलना करावी. प्रतिनिधी करण्याआधी त्याने त्याच देशात, त्याच मालाचे काम केलेल्या दोन जुन्या ग्राहकांशी बोलणे हे तर कोणत्याही जाहिरातीहून अधिक उपयुक्त.

आणखी एक सावधगिरी. आपला आयात-निर्यात कोड दुसऱ्यास वापरावयास देऊ नये. शिपिंग बिलावर ज्याचे नाव, परकीय चलन मायदेशी आणण्याची जबाबदारी त्याची. शुल्क-परतावाही त्याच्याच नावे येतो. तो कोणाकडे राहावयाचा, हेही करारात आधीच नमूद असावे.

रास्त मोबदला म्हणजे सर्वांत कमी मोबदला नव्हे; ज्याची प्रत्येक ओळ वाचता येते, तो मोबदला रास्त. माल सातासमुद्रापार गेला, तरी त्याची पट्टी मालधन्याच्या हाती आलीच पाहिजे. ती देण्यास जो आनंदाने तयार होतो, त्याच्याशी टक्क्याची बोलणी करावी. जो कुरकुरतो, त्याचा टक्का विचारण्याचीही गरज नाही.