पिकअपमधील जादा डिझेलची टाकी

पेरणीच्या घाईंत ट्रॅक्टरसाठीं डिझेल शेतावर नेतांना पिकअपच्या हौद्यांत पिंप उभें करून त्यास नुसती दोरी गुंडाळण्याची चाल आपल्यांत फार आहे. ती सोडली पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे. 200 लिटर डिझेलचें वजन सुमारें 165 किलो भरतें. ब्रेक लागतांच तें पुढें धांव घेतें. टाकी अर्धी असल्यास आंतील तेल हिंदकळून ओढ अधिकच वाढते.

म्हणून टाकी किती मोठी, हें पाहण्यापूर्वीं तींत आडवे पडदे आहेत काय व झांकण घट्ट बसतें काय, हें पाहावें. ती केबिनच्या पाठीशीं ठेवून गाडीच्या चौकटीस बोल्टांनीं आवळावी. हंगाम संपतांच रिकामी करून उतरवितां येते. 1934 च्या पेट्रोलियम कायद्यान्वयें 1000 लिटरांहून मोठें नसलेल्या भांड्यांत एकूण 2500 लिटरांपर्यंत डिझेल बाळगण्यास परवाना लागत नाहीं. परंतु कायद्याची सूट म्हणजे अपघातापासून अभय नव्हे. त्याच हौद्यांत आपण मजूरही बसवितों. माणसें आणि तेल एकत्र कधींही नेऊं नयेत. चार बोल्टांचे पैसे वांचविणें ही काटकसर नव्हे, हें सुज्ञ शेतकरी बंधूंस अधिक सांगणें नलगे.