घरच्या लेखनाच्या जोडीला व्याकरण कोणतें?

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या शाळेंतील एका विद्यार्थिनीचे वडील मजकडे आले. मुलीचें मराठी लेखन सुधारावें म्हणून तिजकडून घरीं रोज एक परिच्छेद लिहवून घेण्याचा त्यांनीं नेम केला आहे, व तो दोन महिने अखंड चालविला आहे. "आतां याच्या जोडीला व्याकरणाचें कोणतें पुस्तक लावूं, सर?" असा त्यांचा प्रश्न होता. दत्त चौकांतून तीन पुस्तकें घेऊनच ते आले होते. मीं त्यांतलें सर्वांत बारीक पुस्तक उचलून त्यांच्या हातीं दिलें. उत्तर बरोबर होतें, पण कारण सांगावयाचें राहिलें. तें येथें सांगतों, कारण हाच प्रश्न हल्लीं अनेक पालकांस पडतो. २०२० च्या कायद्यानें महाराष्ट्रांतील सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली; तथापि इंग्रजी माध्यमाच्या मुलाचें मराठी शेवटीं घरच्या मेजावरच पक्कें व्हावयाचें असतें.

प्रथम माझी स्वतःची चूक सांगतों. माझा मुलगा नऊ वर्षांचा असतां मीं हाच प्रयोग केला होता. तो रोज वहींत दहा-बारा ओळी लिहीत असे. विहिरींत पडलेली शेळी, आजीचा चष्मा, कापसाच्या गाडीवरील झोप, असे त्याचे विषय. चुका पुष्कळ असत. त्या पाहून मीं तीनशें पानांचें एक व्याकरण आणिलें आणि प्रत्येक ओळीवर तांबडी शाई फिरविली. वर प्रथमेपासून संबोधनापर्यंत विभक्तींचा पाठ. महिन्याभरांत दहा ओळींच्या तीन झाल्या : शाळा भरली. शाळा सुटली. मी घरीं आलों. एकही चूक नाहीं! आणि त्या वहींत माझा मुलगाही नाहीं. तीं विहीर, ती शेळी पुन्हां आलीं नाहींत, तीं आणण्यास मला पुढें दोन वर्षें लागलीं.

आपलीं व्याकरणाचीं पुस्तकें अशीं कां आहेत, हें समजलें म्हणजे त्यांचा उपयोग कसा करावा हेंही समजतें. विल्यम कॅरे यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं श्रीरामपूरच्या मिशनांत छापलें गेलें. तें मराठी शिकूं पाहणाऱ्या परकीयांसाठीं होतें, व त्या कामासाठीं तें योग्यच होतें. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनीं १८३६ सालीं आपलें व्याकरण प्रसिद्ध केलें. त्यांच्यापुढें इंग्रजी व्याकरणांचा, विशेषतः लिंडले मरे यांचा नमुना होता. शिवाय संस्कृताचा वारसा होताच. शब्दांच्या आठ जाती एकीकडून आल्या, आठ विभक्ती दुसरीकडून. दादोबांची थोरवी यानें उणी होत नाहीं. परंतु मराठींत द्वितीया व चतुर्थी यांचे प्रत्यय एकच आहेत. "रामाला" या शब्दाची विभक्ति कोणती हें ठरविण्यांत मुलाचा अर्धा तास जातो, आणि त्या अर्ध्या तासानें त्याचें एकही वाक्य सुधारत नाहीं. मोरो केशव दामले यांनीं १९११ सालीं "शास्त्रीय मराठी व्याकरण" लिहून या सर्व वादांचा खोल विचार केला. तो ग्रंथ प्रत्येक मराठी शिक्षकाच्या फळीवर असावा. मुलाच्या दप्तरांत मात्र नसावा.

मग मुलाला काय हवें? ज्या चुका त्याच्या लेखणींतून खरोखर होतात, तेवढेंच. मीं इतक्या वर्षांच्या वह्यांत पाहिलें तें असें कीं, सर्वांत जास्त गोंधळ सामान्यरूपाचा व त्याबरोबर बदलणाऱ्या ऱ्हस्व-दीर्घाचा असतो. फूल पण फुलाला, बहीण पण बहिणीला, गरीब पण गरिबाला. परंतु शरीर संस्कृतांतून जसेंच्या तसें आलें म्हणून शरीराला. ही एक गोष्ट मुलाला त्याच्याच वहींतील शब्दांवरून उमगली, तर निम्म्या चुका आपोआप जातात. त्यानंतर विरामचिन्हें. तिसरें, लांब वाक्यांत कर्ता व क्रियापद यांची ताटातूट. ज्या पुस्तकांत हीं तीन प्रकरणें ठसठशीत असतील व उदाहरणें रोजच्या बोलण्यांतलीं असतील, तें पुस्तक घ्यावें. मोठ्या वर्गांतील मुलांना मो. रा. वाळंबे यांचें "सुगम मराठी व्याकरण लेखन" चालेल. दहा वर्षांखालील मुलाला पुस्तकच नको, वही पुरे.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत आणखी एक गोष्ट आहे. येथील मूल "मी जाऊन राहिलों" असें लिहितें, "मले" असें लिहितें. पुस्तक त्याला अशुद्ध म्हणतें आणि मूल समजतें कीं आपली आईच अशुद्ध बोलते. हें खोटें आहे, आणि क्रूरही आहे. "जाऊन राहिलों" हा वऱ्हाडींतील चालू क्रियेचा नियमित प्रयोग होय. त्याला स्वतःचा नियम आहे. शिक्षकानें वा पालकानें दोन रकाने करावेत, एकांत घरचें, एकांत ग्रंथाचें, व कोठें कोणतें लिहावें तें सांगावें. ज्या पुस्तकांत बोलींचा उल्लेख केवळ चुकांच्या यादींत येतो, तें मी घेणार नाहीं. ज्या महानुभावांनीं वऱ्हाडांतील रिद्धपुरास मराठी गद्य लिहिलें, त्यांच्या मुलखांतील मुलांनीं आपल्या बोलीची लाज कां बाळगावी?

कोणी म्हणतील, पंडिता रमाबाईंनीं घरींच, आपल्या आई लक्ष्मीबाई डोंगरे यांजकडून संस्कृत व्याकरण मुखोद्गत केलें. त्याच बळावर त्या पंडिता झाल्या व पुढें हिब्रू-ग्रीक शिकून त्यांनीं मराठी बायबल सिद्ध केलें. खरें आहे. परंतु दुसऱ्याही एका लक्ष्मीबाईंकडे पाहावें. लक्ष्मीबाई टिळक शाळेंत गेल्या नाहींत. अक्षरओळख घरीं पतीकडून झाली. विभक्तींचे तक्ते त्यांच्या वाट्यास आले नाहींत. तरीही १९३४ पासून निघालेल्या "स्मृतिचित्रां"इतकें जिवंत गद्य मराठींत फार थोडें आहे. मला यांत विरोध दिसत नाहीं. संस्कृत ही रमाबाईंस बाहेरून शिकावयाची भाषा होती, तेथें व्याकरण ही शिडी होती. लक्ष्मीबाई आपल्या जन्मभाषेंत लिहीत होत्या, त्यांस शिडीची गरज नव्हती.

हा भेद मीं त्या पालकांस सांगितला असतां तर बरें झालें असतें, कारण आपल्या जिल्ह्यांत दोन्ही प्रकारचीं मुलें आहेत. ज्याच्या घरीं कोलामी बोलतात त्या मुलाला मराठी ही अर्धी परकीच. कोलामींत पुरुषवाचक नामें एकीकडे व बाकीचीं सारीं एकीकडे असे दोनच भेद आहेत. त्यानें "ती झाड" लिहिलें तर तो निष्काळजीपणा नव्हे. भिंत ती, दरवाजा तो, घर तें, याचें कारण दामल्यांनाही पुरतें देतां येणार नाहीं. अशा मुलाला प्रत्येक नाम "तो, ती, तें" यांसह मोठ्यानें म्हणावयास लावावें. त्याला नियम थोडे आधींपासून, सावकाश, व हंसत दिलेले चालतात. घरीं मराठीच बोलणाऱ्या मुलाला तेच नियम लेखनानंतर द्यावेत.

जातां जातां एक कबुली. या लेखांतील अनुस्वार पाहून विद्यार्थी मला विचारतील कीं, सर, हे कोणते नियम? मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनीं हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, १९७२ सालीं आणखी चार नियमांची भर पडली, आणि परीक्षेंत तेच पाळावयाचे. मला मात्र जुन्या पुस्तकांनीं लिहावयास शिकविलें. हात वळत नाहीं. माझ्या वहीवर कोणी तांबडी शाई फिरविली, तर मी बहुधा तीन ओळींवरच थांबेन.

ते पालक नाताळांत पुन्हां भेटले. बारीक पुस्तकांतील दोनच प्रकरणें झालीं आहेत, म्हणून ते किंचित् ओशाळले होते. मीं वही मागितली. मुलीनें अंगणांतल्या मांजरीच्या पिलांवर दोन पानें लिहिलीं होतीं. "मांजरीचि पीलं" असें दोन ठिकाणीं होतें, व तिसऱ्या ठिकाणीं तिनें तें स्वतःच खोडून नीट केलें होतें.