'आयरॉनिक' आणि श्रोत्यांचा शब्दकोश

ॲलनिस मॉरिसेट या कॅनेडियन गायिका-गीतकार स्त्रीचा 'जॅगेड लिटल पिल' हा अल्बम जून १९९५ मध्ये आला, तेव्हा तिला एकविसावे वर्ष पूर्ण होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. जगभरात त्याच्या तीन कोटींहून अधिक प्रती खपल्या आणि १९९६ मध्ये वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक त्याला मिळाले. इतक्या लोकांनी ऐकलेल्या कलाकृतीविषयी मतेही तितकीच असणार. मला कुतूहल आहे ते या मतांच्या घडणीविषयी. गेली कित्येक वर्षे एम.ए.च्या वर्गाला मी 'आयरनी' ही संकल्पना शिकवत आलो आहे आणि या अल्बममधील एका गाण्याने माझ्या त्या तासाची पंचाईत करून ठेवली आहे.

आधी दोन आक्षेप थोडक्यात बाजूला करतो. पहिला अस्सलपणाचा. या मुलीने १९९१ आणि १९९२ मध्ये कॅनडात नाचऱ्या पॉप गाण्यांचे दोन अल्बम काढले होते. तीच आता गिटारच्या कर्कश साथीवर संतापून गाते, हा संताप निर्माता ग्लेन बॅलर्ड याने घडवलेला असणार, असे अनेकांनी ठरवून टाकले. बॅलर्ड सहगीतकार होता हे खरेच आहे. परंतु ही गाणी दोघांनी बहुधा दिवसाला एक या वेगाने रचली आणि कच्च्या मुद्रणातला तिचा आवाज पुष्कळ ठिकाणी तसाच ठेवला, हेही तितकेच खरे. घडवून आणलेल्या संतापाला एवढी घाई नसते. दुसरा प्रकार आक्षेपाचा नाही, चौकशीचा आहे. 'यू ऑटा नो' या गाण्यातील विश्वासघातकी प्रियकर नेमका कोण, यावर श्रोत्यांनी वर्षानुवर्षे तर्क लढवले. तिने नाव सांगितले नाही. मराठी वाचकाला यात नवे काही वाटू नये. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले, तेव्हा विभावरी शिरूरकर या नावामागची बाई कोण, हे शोधण्यात आपल्याकडेही बरीच शक्ती खर्च झाली होती. स्त्रीने 'मी' म्हटले की वाचक पत्ता शोधू लागतो. असो.

खरा वाद 'आयरॉनिक' या गाण्याचा. १९९६ मध्ये ते अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत चौथ्या स्थानापर्यंत पोहोचले आणि तेव्हापासून सुशिक्षित श्रोत्यांचे त्यावर एकच मत आहे: यात आयरनी कोठेच नाही! गाण्यात प्रसंगांची माळ आहे. लग्नाच्या दिवशी पाऊस, वाइनच्या पेल्यात माशी, सुरी हवी असताना समोर चमच्यांचा ढीग, फाशीनंतर दोन मिनिटांनी आलेली माफी, सोडत जिंकून दुसऱ्याच दिवशी मरणारा अठ्ठ्याण्णव वर्षांचा म्हातारा. ही तर नुसती दुर्दैवाची यादी, असे म्हणत आयरिश विनोदकार एड बर्न याने या गाण्याची मनसोक्त रेवडी उडवली. भाषाशिक्षकांच्या हाती तर आयतेच उदाहरण सापडले: आयरनी म्हणजे काय नव्हे, हे शिकवण्यासाठी हे गाणे वाजवा. मीही काही वर्षे हेच केले, हे कबूल करायला हवे. वर्ग हसतो, शिक्षक हुशार ठरतो आणि तास संपतो.

पुढे गाणे पुनःपुन्हा ऐकताना माझी खात्री डळमळू लागली. पावसाचे आणि माशीचे उदाहरण मी सोडून देतो. ते नुसते 'दुष्काळात तेरावा महिना' या जातीचे आहे. (आपल्याकडे तर कढईत जेवणाऱ्या मुलीच्या लग्नात पाऊस पडतो म्हणतात, म्हणजे तेथे कार्यकारणभावही हजर!) पण विमानाला भिणाऱ्या माणसाचे काय? जन्मभर टाळलेला प्रवास तो अखेर धीर करून करतो आणि तेच विमान कोसळते. भीतीवर केलेली मातच येथे मृत्यूचे कारण ठरते. आणि विमान खाली येत असताना त्याच्या मनात उमटणारा उद्गार वरकरणी समाधानाचा आहे, अर्थ नेमका उलट. शाब्दिक उपरोधाचे याहून स्वच्छ उदाहरण मी तरी कोठून आणू? गाण्यात आयरनी नाही असे म्हणणाऱ्यांनी हे कडवे ऐकले नसावे, किंवा निकाल आधी लागला आणि ऐकणे मागाहून झाले असावे.

दुसरी गोष्ट संज्ञेची. इंग्रजीतील या एका शब्दासाठी मराठीत आपण उपरोध, वक्रोक्ती, विडंबना, दैवदुर्विलास अशी शब्दांची जुळवाजुळव करतो आणि ते दारिद्र्य समजतो. वस्तुतः आपल्या अलंकारशास्त्राने येथे बारीक कातकाम केले आहे. मम्मटाच्या 'विषम' अलंकारात एक प्रकार असा आहे की कर्त्याला इष्ट फळ तर मिळत नाहीच, वर अनर्थ पदरी पडतो. सोळाव्या शतकात अप्पय्य दीक्षितांनी 'कुवलयानंदा'त 'विषादन' हा स्वतंत्र अलंकार सांगितला: जे हवे त्याच्या विरुद्ध ते प्राप्त होणे. त्यांचे उदाहरण दिव्याचे आहे. ज्योत मोठी करायला जावे आणि त्याच क्षणी दिवा विझावा. कमळात अडकून पहाटेची स्वप्ने पाहणारा भुंगा आणि ते कमळच उपटणारा हत्ती, हे सुभाषित तर आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केले आहे. सोडतीचा म्हातारा आणि फाशीचा कैदी या भुंग्याचेच भाऊबंद होत. सुरी आणि चमचे यांना 'दात आहेत तर चणे नाहीत' एवढे म्हटले तरी पुरे. गायिकेला हे ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. मुद्दा एवढाच की ज्या अनुभवाला तिच्या भाषेने काटेकोर नाव दिले नव्हते, त्याच्यावर तिने जवळचा शब्द चिकटवला. चूक असेल तर ती नाव देण्यातली आहे, पाहण्यातली नाही.

काही चाहते बचाव करतात की आयरनीविषयीच्या गाण्यात आयरनी नसणे हीच खरी आयरनी. ही पळवाट आहे. कोणतीही चूक तिच्यातून सोडवता येते. मॉरिसेट स्वतः याबाबत अधिक मोकळी वाटते. २०१५ मध्ये जेम्स कॉर्डनच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात तिने या गाण्याची नवी आवृत्ती गाऊन स्वतःचीच थट्टा केली. पुढे या अल्बमवर बेतलेले संगीत नाटक २०१९ मध्ये ब्रॉडवेवर आले. त्यात हे गाणे लेखनवर्गात एका विद्यार्थिनीची रचना म्हणून येते आणि सहाध्यायी मध्येच तिला टोकतात की ही आयरनी नव्हे. श्रोत्यांचे मत असे संहितेतच जाऊन बसले. मला यात गंमत वाटते ती वेगळ्या कारणाने: मूळ गाण्याचे ध्रुवपद विधान करत नाही, प्रश्न विचारते. तुम्हाला काय वाटते, असे ती ऐकणाऱ्यालाच विचारते आणि जग तीस वर्षे तिला उत्तर देत आहे.

या गदारोळात त्याच अल्बममधील 'परफेक्ट' हे गाणे मागे पडते, याचे मला वाईट वाटते. बोलणारा पालक आहे. तू जिंकलास तरच आमचे प्रेम, एवढे तो अतिशय सौम्य स्वरात मुलाला सांगत राहतो. आपण काय बोलतो आहोत हे त्याला कळत नाही, आपल्याला कळते. नाट्यात्म आयरनी शिकवायला याहून नेमके गाणे नाही, पण त्यात तो शब्द नसल्यामुळे कोणी शब्दकोश उघडला नाही.

हल्ली मी दोन्ही गाणी पाठोपाठ ऐकवतो. पहिल्याला वर्ग अजूनही हसतो. दुसऱ्यानंतर मागच्या बाकावरचा एक मुलगा गेल्या वर्षी म्हणाला, "सर, हे पहिल्या गाण्यापेक्षा जास्त आयरॉनिक आहे, पण यावर उत्तर लिहायला नको वाटतं." आणि एका मुलीने विचारले की आयरनीच्या प्रश्नात 'विषादन' लिहिले तर गुण मिळतील का. मी लिहायला सांगितले. त्या प्रश्नपत्रिका तपासायला बाहेरचे परीक्षक येतात, हे तिला सांगायचे राहून गेले.