‘वयात आला की सुधारेल’ ही आत्मवंचना

विशी-बाविशीतला तरुण महाविद्यालयात जाणे सोडून खोलीचे दार लावून बसू लागला, की आप्तेष्टांच्या तोंडी एक वाक्य हमखास येते – ‘काल-परवापर्यंत अगदी चांगला होता हो!’ मग दोषांची वाटणी सुरू होते. कोणी मोबाइलला बोल लावतो, कोणी वाईट संगतीला, कोणी वसतिगृहाला. या कारणांत काहीच तथ्य नसते असे नाही. पण ती पुढे केली की मागच्या दहा वर्षांचा हिशेब द्यावा लागत नाही, हीच त्यांची खरी सोय.

तो हिशेब विज्ञानाने मात्र मांडून ठेवला आहे. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अभ्यास त्यांच्या तिसऱ्या वर्षापासून सुरू झाला. सव्विसाव्या वर्षी ज्यांना मानसिक विकार असल्याचे आढळले, त्यांतील निम्म्यांची लक्षणे वयाच्या पंधरा वर्षांपूर्वीच निदानाच्या कसोटीला उतरली होती. अठरा वर्षांपूर्वीची गणना केली तर हे प्रमाण सुमारे तीन चतुर्थांश भरते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांचा अर्थ स्पष्ट आहे. तरुणपणीचा आजार आकाशातून पडत नाही. तो शाळेच्या गणवेशातच घरात वावरत असतो.

याच अभ्यासातील आणखी एक गोष्ट शिक्षकांनी मुद्दाम ध्यानी घ्यावी. मोठेपणी चिंता, नैराश्य, व्यसन असे वेगवेगळे विकार जडलेल्यांपैकी अनेकांच्या बालपणी टोकाची आक्रमकता व हटवादीपणा नोंदला गेला होता. म्हणजे, ज्याला ‘वाया गेलेला’ ठरवून शेवटच्या बाकावर बसवले जाते, त्याच्याकडेच सर्वाधिक लक्ष देण्याची गरज असू शकते. शाळेची वेळ झाली की रोज पोटदुखीची तक्रार करणाऱ्या मुलीला ‘नाटकी’ म्हणून गप्प करणे हाही त्यातलाच प्रकार. अर्थात, प्रत्येक व्रात्य मूल रुग्ण नसते आणि बालपणीचा त्रास जन्मभर पुरतोच असेही नाही. परंतु वागण्यातील बदल काही आठवडे टिकला, झोप, भूक, अभ्यास व मैत्री यांवर त्याचा परिणाम दिसू लागला, तर तज्ज्ञाकडे जाण्यास विलंब कशासाठी?

‘ही पाश्चात्त्यांची दुखणी, आपली कुटुंबव्यवस्था भक्कम आहे’ असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच देशाचे आकडे पाहावेत. २०१५-१६ साली १२ राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले. विकारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना असल्याचेही त्यातून दिसले. २०२१ साली देशात १३,०८९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्यांतील १,८३४ महाराष्ट्रातील होते आणि ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, हे जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ सालचा! मधल्या चार दशकांत शासन काय करीत होते?

मात्र शासनाकडे बोट दाखवून घराला सुटता येणार नाही. मुलाला ताप आला तर रात्री डॉक्टरांचे दार ठोठावणारे सुशिक्षित कुटुंब मनाच्या आजाराबाबत ‘लोक काय म्हणतील’ या धाकाने वर्षानुवर्षे थांबते, आणि अखेर ‘लग्न करून द्या, ताळ्यावर येईल’ हा उपाय योजून आणखी एका निरपराध जिवाला संकटात लोटते. ज्या समाजात पिढ्यान्पिढ्या मुलांकडून ‘मनाचे श्लोक’ पाठ करून घेतले गेले, त्याच समाजाला मनाच्या दुखण्याची लाज वाटावी, यासारखा विरोधाभास नाही.

कुटुंबव्यवस्था भक्कम आहे की नाही, हे ती मुलाचे ऐकून घेते की नाही यावरून ठरते. संस्कार आणि उपचार हे एकमेकांचे वैरी नव्हेत. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून उपलब्ध आहे. तो फिरविण्याचे धैर्य मूल दहा-बारा वर्षांचे असतानाच दाखविले, तर पुढे ‘काल-परवापर्यंत चांगला होता’ असे म्हणण्याची वेळ अनेक घरांवर येणार नाही.