जुनी बंदूक : उजळावी की वाचावी?

जुन्या पोलिसी बंदुका दुरुस्त करून ‘मूळ रूपात’ आणाव्यात, असे काही हौशी संग्राहक म्हणतात. माझे मत उलट आहे.

बंगालमधील इशापूर कारखान्याची ‘.४१० मस्केट’ घ्या. वरवर ती .३०३ ली-एनफिल्ड रायफलच वाटते. खरी ओळख नळीत पटते. रायफलीच्या नळीत पीळदार खाचा असतात. त्यांमुळे गोळी फिरत, नेमकी व दूर जाते. मस्केटची नळी मात्र रुंद व गुळगुळीत केलेली, मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा. एका वेळी एकच काडतूस. १८५७ नंतर देशी शिपायांना गुळगुळीत नळीच्याच बंदुका दिल्या गेल्या. पोलिसांसाठीची ही मस्केट मला त्याच अविश्वासाची पुढची कडी वाटते.

आपल्या नंदुरबारात ९ सप्टेंबर १९४२ रोजी पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार व त्याचे चार सोबती हुतात्मा झाले. या गावाने तरी बंदूक केवळ शोभेची वस्तू मानू नये.

कातून काढलेले लोखंड परत येत नाही. ‘मूळ रूप’ हवे तर नळीच बदलावी लागेल. म्हणजे पुरावाच गेला. शिवाय १९५९ चा शस्त्र कायदा आहेच. तेव्हा संग्रहालयांनी गंज थांबवावा, शिक्के व सालाची नोंद करावी, पण ते घासू नयेत.

आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. आजा-पणजाचा एकही कागद आमच्याकडे नाही. ज्यांचा इतिहास कागदावर नाही, त्यांचा तो वस्तूंवरच्या खुणांतच उरतो. त्या खुणा कृपा करून पुसू नका.