परीक्षानळीतला रंग

गेल्या वर्षीची गोष्ट. प्रॅक्टिकलला मला एक पांढरी पूड मिळाली होती. तिच्या द्रावणात फेरस सल्फेट घातले, नळी तिरकी धरून कडेने सल्फ्युरिक अॅसिड सोडले, आणि दोन थरांच्या मध्ये तपकिरी कडे दिसले. शेजारच्या टेबलावरचा माझा कानडी मित्र "बण्ण बंतु!" म्हणून ओरडलाही. मी जर्नलमध्ये ठोकून लिहिले, 'नायट्रेट'. सरांनी वही पाहिली आणि म्हणाले, "तपकिरी रंग ब्रोमाइडही देते. ते नाही, हे पाहिलेस का?" पाहिले नव्हते. सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले तेव्हा फिकट पिवळा साका बसला. माझे दोन गुण गेले, एवढेच नुकसान.

अशीच नळी पोलिसांच्या हातात असते तेव्हा मात्र दोन गुणांवर भागत नाही.

अमली पदार्थ रंगावरून ओळखण्याची रीत जुनी आहे. १८९६ साली दोर्पात येथील (आजचे एस्टोनियातील तार्तू) मार्क्विस या औषधशास्त्रज्ञाने तीव्र सल्फ्युरिक अॅसिड आणि फॉर्माल्डिहाइड यांचे मिश्रण सुचवले. त्यात मॉर्फिन किंवा हेरॉइन पडले की जांभळा रंग येतो, अॅम्फेटामीन पडले की नारिंगी-तपकिरी. कोकेनसाठी कोबाल्ट थायोसायनेट वापरतात. गुलाबी द्रावण निळे होते. एल. एस. डी. तर अतिनील दिव्याखाली निळसर चमकते. सगळे पाहायला मोठे सुंदर.

पण निळा रंग एकट्या कोकेनची मिरास नाही. दाताच्या डॉक्टरांचे हिरडी बधिर करणारे लिग्नोकेन, खोकल्याच्या काही औषधांतले डायफेनहायड्रामीन, हीही कोबाल्टला निळे करतात. अतिनील दिव्याखाली क्विनीन चमकते, आणि टिनोपॉल घातलेला आपला धुतलेला सदराही चमकतो. हे तोतये ओळखण्यासाठी कोकेनच्या चाचणीला पुढे हायड्रोक्लोरिक अॅसिड आणि क्लोरोफॉर्म यांच्या पायऱ्या जोडल्या गेल्या. त्या पायऱ्या रस्त्याच्या कडेला, दिव्याच्या पिवळ्या उजेडात, घाईत कोण आणि कशा पार पाडणार?

अमेरिकेत याचा अनुभव आला. ह्यूस्टन शहराच्या हॅरिस काउंटीत दोन डॉलरांच्या पुडीतल्या रंगावर माणसे पकडली जात. ज्यांना जामिनाचे पैसे भरता येत नसत, त्यांच्यापुढे सरकारी पक्ष प्रस्ताव ठेवी : गुन्हा कबूल करा, थोडक्यात सुटाल. माणसे कबूल करीत. प्रयोगशाळेचा अहवाल मागाहून, कधी कधी काही वर्षांनी येई, आणि त्यात अमली पदार्थ नसे. २००४ ते २०१५ या काळातल्या अशा शिक्षा दोनशेहून अधिक निघाल्या. २०१७ साली तिथल्या पोलिसांनी या पुड्या वापरणे थांबवले. २०१५ साली ऑर्लॅंडोत तर एका गृहस्थांच्या मोटारीत सांडलेला डोनटवरचा साखरेचा पाक मेथॅम्फेटामीन ठरला होता! हसू येते खरे, पण त्यांना अटक झाली होती.

आपल्याकडे व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यांत कबुलीचा हा सौदा चालत नाही. आपल्याकडे अडचण जामिनाची. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कलम ३७ आहे. जप्त माल व्यापारी प्रमाणात असेल तर, आरोपी निर्दोष असावा असे मानायला सबळ कारण आहे, अशी खात्री न्यायाधीशांची झाल्याशिवाय जामीन मिळत नाही. प्रयोगशाळेचा कागद येईपर्यंत ती खात्री कशी व्हावी? २०२३ साली केरळात एका बाईंच्या बॅगेत एल. एस. डी.चे म्हणून कागदाचे तुकडे सापडले. बाई ७२ दिवस तुरुंगात होत्या. तपासणीत ते तुकडे एल. एस. डी.चे नव्हतेच.

यावर आमचे एक प्राध्यापक म्हणाले, "मग पोलिसांनी काय जिभेवर ठेवून पाहावे?" प्रश्न रास्त आहे. पुड्या बंद करा असे माझे म्हणणे नाही. रंग आला नाही म्हणून एखादा तिथल्या तिथे सुटतो, हाही त्यांचाच उपयोग. व्यसनाने घर बसलेले माझ्याही गल्लीत आहे. विकणाऱ्याबद्दल मला कळवळा नाही. पण आलेला रंग 'असू शकेल' एवढेच सांगतो. 'आहे' म्हणायला गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री लागते, आणि ते काम प्रयोगशाळेतच होते.

म्हणून मला वाटते की पंचनाम्यात नुसते 'पदार्थ हेरॉइन असल्याचे आढळले' असे लिहू नये. कोणते द्रव्य वापरले, कोणता रंग आला, कोणत्या उजेडात पाहिला, हे आपण जर्नलमध्ये लिहितो तसे लिहावे. माणूस कोठडीत असेल तर त्याचा नमुना प्रयोगशाळेत रांगेत पुढे घ्यावा, आणि अहवालाची तारीख जामिनाच्या सुनावणीत विचारली जावी. बेळगावातही प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे. आमच्या वर्गातले दोघे-तिघे तिथल्या नोकरीची स्वप्ने पाहतात. त्यांच्याशी हे बोलून झाले आहे. कायद्याच्या कॉलेजातल्या मित्रांशी अजून बोलायचे आहे.